‘ना’ची शेपटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

ढब्बूची इंग्रजीच्या चाचणीची उत्तरपत्रिका आज हाती लागली. दप्तराच्या तळाशी, पेन्सिलीच्या सालींखाली, चार घड्या घालून दडवली होती. बत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून काढलेल्या बाईपासून कागद लपत नाही, हे माझ्या नातीला अजून कळायचंय.

वीसपैकी सात. सातचं एवढं काही नाही, तिची आई या वयात पाचावर होती. माझा संताप झाला तो तिसऱ्या प्रश्नावरून. वाक्याला प्रश्नाची शेपटी जोडायची होती. ‘आय ॲम लेट’, आणि पुढे रिकामी जागा. ढब्बूने लिहिलं, ‘आरन्ट आय’. शंभर टक्के बरोबर! त्यावर बाईंची लाल फुली आणि शेजारी सुवाच्य अक्षरात दुरुस्ती: ‘ॲमन्ट आय’. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीच्या सिस्टरनी हे पाहिलं असतं तर फूटपट्टी मुलीच्या नव्हे, बाईंच्या हातावर पडली असती.

पाचवं उत्तर मात्र खरंच चुकलंय. ‘दे आर कमिंग टुमॉरो’ याच्यापुढे माझ्या नातीने रोमन अक्षरांत सरळ ‘ना’ लिहून ठेवलंय. एन, ए, प्रश्नचिन्ह. ही सवय तिला कुठून लागली कोण जाणे. शाळेतल्या मुलींकडूनच असणार.

मुख्याध्यापिकेला दीड पानी पत्र टाइप केलं. कार्बन कॉपी माझ्या फायलीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेक ऑफिसातून आली, चप्पलही न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “आई, ढब्बूचं इंग्रजी तू घेशील? एका शाळेची प्रवेश परीक्षा आहे. बावीस तारखेला. इंग्रजीवरच सगळं आहे.”

मी म्हटलं, “नदीपलीकडची ना? लाल विटांची?”

“हं,” ती म्हणाली. “चांगली आहे शाळा.”

“चांगली असणारच. आणि आपल्या दारावरून बस जाते.”

“मिळाली तर फार बरं होईल, आई,” असं म्हणून ती आत गेली. ही गोष्ट तिने भलतीच मनावर घेतलेली दिसतेय. एका शाळेसाठी डोळ्यांत पाणी आणायचं म्हणजे जरा अतीच.

मी आहे म्हटल्यावर ढब्बूला प्रवेश मिळणार. हे लिहून ठेवते आणि खाली सही करते.

८ फेब्रुवारी, शनिवार

एकटी ढब्बू समोर बसली की पाय हलवते, म्हणून आणखी तिघांना बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचे जुळे, त्यांतला एक डावखुरा आहे म्हणून मी त्यांना डावा आणि उजवा म्हणते. त्यांच्या आईलाही ते सोयीचं वाटलं. चौथी म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंची लेक. काडीसारखी आहे आणि टोचून बोलते. तिचं नाव सुई.

जेवणाच्या टेबलावर वर्ग भरला. मी सांगितलं, “वाक्य होकारी असेल तर शेपटी नकारी. वाक्य नकारी असेल तर शेपटी होकारी. वाक्यातलं क्रियापद शेपटीत उतरतं, आणि कर्ता सर्वनाम होऊन मागोमाग येतो. कळलं ना?”

चौघांनीही माना डोलावल्या. मग लिहायला दिलं तर एकालाही कळलेलं नव्हतं.

“आजी,” उजवा म्हणाला, “मराठीत कसं एकच ‘ना’ सगळ्याला पुरतं. येणार ना, गेला ना, नाही ना. इंग्रजीला एवढ्या शेपट्या कशाला?”

मी उत्तर द्यायच्या आतच सुई बोलली. “अरे, ‘ना’ म्हणजे नाडी आहे. पायजमा कुणाचाही असू दे, ओढली की बसतो. हे इंग्रजीवाले प्रत्येकाचं माप घेऊन शिवतात.”

बत्तीस वर्षांत कुठल्याही वकिलाने याच्याहून नेमकं विधान केलेलं मला आठवत नाही. तिला दोन बिस्किटं जास्त दिली.

१० फेब्रुवारी, सोमवार

मापाची युक्ती कामाला आली. सुईच्या आईकडून टेप आणली. फळ्यावर वाक्य लिहायचं, क्रियापदाखाली टेप धरायची आणि म्हणायचं, “इज! म्हणून इझन्ट!” डावा आणि उजवा टेपवरून भांडले, पण भांडता भांडता बारा वाक्यं बरोबर आली.

ढब्बूच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई संध्याकाळी दाराशी आल्या. मी तयारीतच होते. पण त्या म्हणाल्या, “तुमचं पत्र वाचलं. माझं चुकलं. मी तुमच्या वर्गात येऊन बसले तर चालेल का?”

वय असेल पंचवीस. माझ्याकडे चांगली सात वाक्यं तयार होती, सगळी वाया गेली. कुणी असं सरळ विचारलं की माणसाला खोटं बोलता येत नाही. “चालेल,” मी म्हटलं. “वही आणा.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज लपलेले नकार. ‘ही हार्डली स्पीक्स’, म्हणजे तो जेमतेमच बोलतो. यात ‘नॉट’ कुठे दिसत नाही, तरी वाक्य नकारी, म्हणून शेपटी होकारी: ‘डझ ही’. हार्डली, सेल्डम, नेव्हर, नोबडी. मी म्हटलं, “काही माणसं ‘नाही’ असं तोंडाने म्हणत नाहीत, तरी त्यांच्या बोलण्यात ‘नाही’ असतं. ते ओळखायला कान लागतो. माझा कान कोर्टात तयार झालाय.”

ढब्बू माझ्याकडे बघत राहिली. “आजी, आई जेव्हा नुसतं ‘हं’ म्हणते, ते होकारी की नकारी?”

“‘हं’ म्हणजे हो. हा काय प्रश्न झाला? वही काढ.”

वर्गात येऊन बसलेल्या शाळेच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. शिकण्याची हौस आहे त्यांना.

१६ फेब्रुवारी, रविवार

जावई दोन दिवस राहून गेले. बदलीला अडीच वर्षं झाली, दर तिसऱ्या शनिवारी येतात, रविवारी परततात, सगळं कसं सुरळीत चाललंय. बदली झाली तेव्हा मीच लेकीला म्हटलं होतं, “ढब्बूची शाळा बुडवून तिकडे काय जायचं? तुम्ही दोघी इथेच राहणार ना?” ती लगेच ‘बरं’ म्हणाली होती. आमच्या घरात वाद म्हणून नसतो.

यावेळी जावयांनी ढब्बूचं पुस्तकांचं कपाट मोजलं. लांबी, रुंदी, खोली, सगळं कागदावर मांडलं.

“नवं घेताय ना तिला? हे कुजलंच होतं,” मी म्हटलं.

“तसंच काहीसं, आई,” ते म्हणाले आणि टेप गुंडाळली. मनुष्य सज्जन, पण चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा करायची त्यांना सवय आहे.

ते जिना उतरत होते तेव्हा ढब्बू खिडकीत नाक चेपून उभी होती. स्टेशनकडे जाणारी त्यांची रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावरही हलली नाही. काच पुसायला झाली आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज टेबलाचं कोर्ट केलं. शेपटीचा आवाज शिकवायचा होता. शेवटी आवाज वर गेला तर विचारणाऱ्याला खरंच माहीत नसतं. खाली गेला तर त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, समोरच्याने फक्त मान हलवायची. उलटतपासणीत वकील हेच करतात. साक्षीदाराच्या तोंडात आपलंच उत्तर भरून देणारा प्रश्न, म्हणजे सूचक प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला तसा विचारला, तर समोरचा वकील उठून ‘ऑब्जेक्शन’ म्हणतो.

डावा वकील, उजवा त्याचाच साक्षीदार, सुई न्यायाधीश, ढब्बू विरुद्ध बाजूची वकील. मी माझ्या जुन्या जागेवर, वही-पेन्सिल घेऊन.

डावा: “यू एट द लास्ट बिस्किट, डिडन्ट यू?”

ढब्बू उठून एवढ्या जोरात “ऑब्जेक्शन! सूचक प्रश्न!” ओरडली की खालच्या मजल्यावरचे रेडिओवाले काका वर आले.

सुई म्हणाली, “मान्य. पण बिस्किट यानेच खाल्लंय, मी पाहिलं.”

मग कुणालाच आवरेना. चहा घ्यायला थांबलेल्या माझ्या लेकीला मी विचारलं, “बघितलंस ना, कशी तयार झाली?” तेवढ्यात ढब्बू पुन्हा “ऑब्जेक्शन!” म्हणाली. मी तिला बजावलं, कोर्ट उठलं की खेळ संपला.

लेक खूप हसली. हसता हसता थांबली आणि कप विसळायला आत गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घरी करायला म्हणून दहा वाक्यं दिली होती, विषय आपलं घर. ढब्बूची वही इथे उतरवून घेते, कारण हा माझ्या अध्यापनाचा पुरावा आहे. सगळी उतरवत नाही.

‘पापा लिव्ह्ज अलोन, डझन्ट ही?’

‘ही कान्ट कुक, कॅन ही?’

‘मम्मी सेल्डम स्लीप्स वेल, डझ शी?’ लपलेला नकार अचूक ओळखला!

‘आजी हॅज मेनी फ्रेंड्स, हॅझन्ट शी?’

‘शी वोन्ट बी अँग्री, विल शी?’

दहापैकी दहा. शेवटच्या वाक्यात स्वल्पविराम विसरली होती, तो मी घातला. खाली शेरा दिला: ‘निर्दोष. मात्र वाक्यांत थोडं वैविध्य हवं, सगळी एकाच विषयावर फिरतात.’ आणि मी कधी रागावते?

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज परीक्षा. मायलेकी पहाटे सहालाच बॅग घेऊन निघाल्या. परीक्षा झाली की तशाच जावयांकडे जाऊन उद्या येणार म्हणे. नदीपलीकडे जायला पाऊण तास लागतो, पण पहिल्यापासूनच वेळेच्या बाबतीत लेकीचं असं. मी ढब्बूला म्हटलं, “घाबरली नाहीस ना?”

“नाही,” ती म्हणाली आणि माझ्या कमरेला अशी घट्ट मिठी मारली की चष्मा पडला.

घर दिवसभर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. दुपारी फायली लावल्या. संध्याकाळीही फायलीच लावल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

आल्या. पेपरात शेपट्यांवर आठ गुण होते, आठही आले म्हणते. ‘आय ॲम अर्ली’ असं वाक्य होतं! ‘आरन्ट आय’ लिहून आली. सिस्टर, तुम्ही जिथे असाल तिथे ऐका.

३ मार्च, सोमवार

दुपारी तीन वाजता फोन वाजला. घरी मी एकटीच.

“अभिनंदन, आपल्या मुलीला प्रवेश मिळाला आहे,” पलीकडून एक बाई म्हणाली. मी म्हटलं, “मुलगी नव्हे, नात. पण मिळणारच होता, शिकवलंय कुणी?” ती हसली आणि म्हणाली, शाळा सोडल्याचा दाखला एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत आणा, आणि तिच्या वडिलांनी दिलेला इथला पत्ता एकदा तपासून घ्या. तिने पत्ता वाचला. तो जावयांच्या घराचा होता. शाळा त्यांच्या गावची आहे. इथून रेल्वेने पाच तास.

मी पूर्ण पत्ता उतरवून घेतला, पिनकोडसकट. हात आपोआप चालतो. मग फोन ठेवला.

सहा वाजता लेक आणि ढब्बू आल्या. मी टेबलाशी बसले होते. बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते.

“प्रवेश मिळाला,” मी म्हटलं. “अभिनंदन. दाखला दहा तारखेपर्यंत न्यायचाय.”

लेक खुर्चीत बसली. “आई...”

“माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्याकडूनच तयारी करून घेतलीत. आरोपीकडूनच खड्डा खणून घेतात तसं! एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही?”

“मी सांगणार होते. रोज सांगणार होते.”

“मग?”

“तू विचारलंसच नाही कधी.”

“विचारलं नाही? पहिल्याच दिवशी विचारलं! माझ्याकडे नोंद आहे. शब्दाला शब्द!” आणि मी ही वही आणली. कोर्टात वाद झाला की न्यायाधीश म्हणायचे, नोंद वाचून दाखवा, आणि मी उभी राहून वाचायचे. बत्तीस वर्षांत माझी नोंद कुणी खोडून काढू शकलं नाही.

उभी राहिले. पाच फेब्रुवारीचं पान काढलं. खणखणीत आवाजात वाचलं, “‘नदीपलीकडची ना? लाल विटांची?’”

पुढे वाचायला तोंड उघडलं आणि ढब्बू हळूच म्हणाली, “ऑब्जेक्शन.”

कुणी हसलं नाही. तीसुद्धा नाही.

मी खाली बसले. पानं उलटत गेले. नवं घेताय ना. घाबरली नाहीस ना. बघितलंस ना. अडीच वर्षांपूर्वीचं ‘इथेच राहणार ना’. सगळं माझ्याच अक्षरात. शाळेतल्या मुलींकडून लागली म्हणे सवय! एकही शेपटी वर गेलेली नाही. दरवेळी उत्तर मीच भरून दिलंय, समोरच्याने मान हलवलीय आणि मी ते कबुलीजबाब म्हणून नोंदवलंय.

मग मी लेकीला विचारलं. सोपं वाक्य, पण माझ्या जिभेला वळण नव्हतं.

“तुला जायचंय का?”

एवढंच. पुढे काही जोडलं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. आधी मान हलवली, मग नुसती मान पुरायची नाही हे तिला समजलं असावं. “हो, आई,” ती म्हणाली. “खूप जायचंय. पण तुला सोडून...”

“‘पण’ नको. प्रश्न एकच होता. उत्तर मिळालं.” मी पेन्सिल घेतली आणि तिच्यासमोरच लिहिलं: साक्षीदाराचं उत्तर, हो.

मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. चाळीस वर्षांची बाई, साडी पार भिजवली माझी. मी तिला थांब म्हटलं नाही.

ढब्बूने मध्येच तोंड घातलं. “आजी, यू विल कम विथ अस, वोन्ट यू?”

“ऑब्जेक्शन,” मी म्हटलं.

तिने डोळे पुसले, जरा विचार केला. “विल यू कम विथ अस?”

“हां. आता प्रश्न झाला.” मी चष्मा पुसला. “साक्षीदार वेळ मागून घेत आहे.”

६ मार्च, गुरुवार

इतका विचार मी निवृत्तीचा अर्ज देतानाही केला नव्हता. उत्तर ‘नाही’ असं आलं, आणि ते कुठेही न लपवता सांगितलं. परीक्षा संपली तरी सुई, डावा आणि उजवा सुटलेले नाहीत. त्यांना अजून ‘लेट्स गो’ची ‘शॅल वी’ येत नाही. शाळेच्या बाईंनी आणखी सहा मुलं पाठवायची का म्हणून विचारलंय, आणि टेबलाला दोन फळ्या जोडून मिळतात असं सुतार म्हणतो. ढब्बू फुरंगटली. मी म्हटलं, दर तिसऱ्या शनिवारी मी येईन. जावई अडीच वर्षं करत होते, मला काय धाड भरलीय?

जावयांना फोन केला. “कपाट कुजकं आहे, तुम्हाला नवं घ्यायचंय का जुनंच न्यायचंय?” असं विचारलं. ते म्हणाले, “जुनं, आई. तिला त्यातच पुस्तकं सापडतात.” एवढं लांब वाक्य ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

६ एप्रिल, रविवार

गाडी सव्वाअकराची होती. कपाट काल टेम्पोने गेलं, भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन राहिलाय. मी स्टेशनवर गेले. डब्याची पायरी उंच, लेकीने आत चढून हात पुढे केला. तोंडावर आलंच होतं, पोचल्यावर फोन कराल ना. गिळलं. फोन करणार का, हेही धड वाटेना, कारण त्याचं उत्तर मला खरंच ठाऊक होतं.

“पोचल्यावर फोन करा,” मी म्हटलं.

ढब्बू खिडकीतून ओरडली, “आज्ञार्थी वाक्य! शेपटी राहिली, आजी! विल यू?”

“विल यू,” मी म्हटलं. गाडी हलली होती. आवाज वर गेला की खाली, ते गोंगाटात माझं मलाच कळलं नाही.

घरी आले, दार उघडलं, फळा पुसला. उद्या पाच वाजता नऊ मुलं येणार आहेत. फळ्यावर पहिलं वाक्य लिहून ठेवलंय: ‘एव्हरीबडी हॅज गॉन’. याची शेपटी बहुतेकांना चुकते. कर्ता एकटा दिसतो, पण शेपटीत तो ‘दे’ होतो, अनेकवचनी. हॅवन्ट दे.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.